खुकुरीला बाक कशासाठी?

खुकुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सैनिक उभा राहतो. कमरेला वाकड्या पात्याचं हत्यार लावलेला गुरखा, मग तो पलटणीतला असो की मुंबई-पुण्याच्या एखाद्या इमारतीच्या फाटकावरचा. मराठीत आपण तिला बहुतेक वेळा ‘कुकरी’ म्हणतो. नेपाळीत मात्र ती ‘खुकुरी’. या लेखात आपणही खुकुरीच म्हणू या.

नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या घरात गेलात तर हीच खुकुरी तुम्हाला चुलीपाशी किंवा गोठ्याच्या कुडाला खोचलेली दिसेल. तिनं लाकूड फोडलं जातं, बांबू चिरला जातो, जनावरांसाठी डहाळ्या तोडल्या जातात, मांस तोडलं जातं आणि प्रसंगी कांदाही चिरला जातो. एकदा म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवायची नाही, अशी एक गोष्ट खुकुरीबद्दल जगभर सांगितली जाते. ती खरी असती तर रोजचा स्वयंपाक भलताच अवघड झाला असता!

तेव्हा आधी शस्त्र आणि मग अवजार, की आधी अवजार आणि मग शस्त्र? हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याचं उत्तर शोधायला आपल्याकडे एक लेखी पुरावा आहे, आणि दुसरा पुरावा खुद्द पात्याच्या आकारात आहे.

एका इंग्रजाने काय पाहिलं

१७९२ साली नेपाळचं तिबेट आणि चीनशी युद्ध चाललं होतं. नेपाळनं ईस्ट इंडिया कंपनीकडे मदत मागितली. कंपनीनं सैन्य पाठवलं नाही, मध्यस्थ म्हणून विल्यम कर्कपॅट्रिक या अधिकाऱ्याला पाठवलं. तो पोचण्याआधीच तह होऊन गेला होता. तरी १७९३ मध्ये तो नेपाळात गेला आणि जे पाहिलं ते त्यानं लिहून काढलं. १८११ मध्ये त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात खुकुरीचं चित्र आहे आणि तिच्याबद्दल थोडी माहितीही आहे. प्रत्येक नेपाळी माणूस ही सुरी बाळगतो, आणि तिचा मुख्य उपयोग लहान झाडंझुडपं तोडणं व फांद्या छाटणं हा आहे, असं तो सांगतो.

या नोंदीची तारीख महत्त्वाची आहे. इंग्रज आणि गोरखाली सैन्य यांचं मोठं युद्ध १८१४ साली सुरू झालं. कर्कपॅट्रिकनं जे पाहिलं ते त्याच्या २१ वर्षं आधीचं. म्हणजे खुकुरीभोवती शौर्यकथा जमायला लागण्यापूर्वी एका परक्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याला ती झाडं तोडण्याची सुरी वाटली. कर्कपॅट्रिक स्वतः लष्करी अधिकारी होता. हत्यारांकडे त्याचं लक्ष नसेल असं म्हणता येत नाही.

याचा अर्थ खुकुरी लढाईत वापरली जात नव्हती असा नाही. काठमांडूच्या छाउनी भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक खुकुरी आहे. १५५९ साली गोरखा जिंकणाऱ्या द्रव्य शाह राजाची म्हणून ती ओळखली जाते. पण त्या काळी नेपाळात खास लढाईसाठी दुसरी हत्यारं होती. त्यांतलं ‘कोरा’ हे टोकाकडे एकदम रुंद होणारं, पुढे वाकलेलं जड खड्ग प्रसिद्ध आहे. कोऱ्यानं कोणी बांबू चिरत नसे. खुकुरी दोन्हीकडे चालत होती, आणि वर्षातले बहुतेक दिवस ती शेताघराच्या कामात असे.

हे काम कसलं, ते डोंगरातली शेती पाहिल्याशिवाय कळणार नाही. नेपाळच्या मधल्या डोंगरपट्ट्यात उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं असतात. मोकळी कुरणं कमी, म्हणून म्हशी-गाई बऱ्याचदा गोठ्यातच बांधून त्यांना चारा आणून घालावा लागतो. गवत कापायला विळा असतो, त्याला तिथे ‘हँसिया’ म्हणतात. पण कोरड्या दिवसांत गवत संपतं आणि झाडाच्या डहाळ्यांवर भागवावं लागतं. झाडावर चढायचं, एका हातानं फांदी धरायची आणि दुसऱ्या हातानं छाटायची. कुऱ्हाड इथे गैरसोयीची, कारण ती चालवायला दोन हात लागतात. विळ्यानं फांदी तुटत नाही. एका हातात मावेल, कमरेला लटकवता येईल आणि घाव मात्र कुऱ्हाडीसारखा घालेल असं काहीतरी हवं. चढताना हात मोकळे राहावेत म्हणून विळा किंवा खुकुरी कमरेला मागच्या बाजूला अडकवण्याचं लाकडी साधनही तिथे वापरतात. त्याला ‘खुर्पेटो’ म्हणतात.

आकाराचं गणित

आता पात्याकडे पाहू. नेहमीच्या खुकुरीचं पातं साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असतं, वजन अर्ध्या ते पाऊण किलोच्या आसपास. मुठीजवळ पातं अरुंद असतं, मधे ते खाली वळतं आणि वळणानंतर एकदम रुंद होऊन पुन्हा टोकाशी निमुळतं होतं. पाठ चांगली जाड असते, बऱ्याचदा ८-१० मिलिमीटर.

हात फिरवला की मुठीजवळच्या बिंदूपेक्षा टोकाजवळचा बिंदू तेवढ्याच वेळात जास्त अंतर जातो, म्हणजे त्याचा वेग जास्त असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. म्हणून वजन वाढवायचंच असेल तर ते मुठीजवळ वाढवून फारसा उपयोग नाही. जिथे वेग जास्त तिथे, म्हणजे पुढे वाढवायला हवं. खुकुरीचं पोट नेमकं तिथे आहे. कुऱ्हाडीतही हेच केलेलं असतं, फक्त तिथे मधला दांडा लाकडाचा असतो.

वर्गात हे करून पाहता येईल, आणि त्यासाठी खुकुरीची मुळीच गरज नाही. शाळेत धारदार काही आणूही नये. लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. मूठभर शाडूचे दोन सारखे गोळे करा. एका पट्टीवर गोळा टोकाजवळ बसवा, दुसऱ्या पट्टीवर हाताच्या अगदी जवळ. आता ओल्या मातीच्या थरावर दोन्ही पट्ट्या शक्यतो सारख्याच झोकानं मारा आणि उमटलेल्या खाचांची खोली मोजा. नंतर मुलांना तीच पट्टी हवेत भराभर डावी-उजवी फिरवायला सांगा. ज्या पट्टीनं खोल खाच पाडली तीच फिरवायला आणि थांबवायला जड जाते हे त्यांच्या मनगटांनाच कळेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे खुकुरीचे प्रकार पाहताना ती उपयोगी पडणार आहे.

दुसरी गोष्ट बाकाची. खुकुरीची धार मुठीच्या सरळ रेषेत नसते, ती खाली झुकलेली असते. सरळ पात्यानं फांदीवर घाव घालताना पातं नीट लागावं म्हणून मनगट वाकवावं लागतं. खुकुरीत हा वाक पात्यातच आहे, त्यामुळे मनगट सरळ राहतं आणि दिवसभर काम केलं तरी कमी अवघडतं. शिवाय वळलेली धार फांदीवर तिरकी पडते आणि घावाबरोबर थोडी सरकतेही. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेंगरतो, सुरी जरा ओढली की साल लगेच कापली जाते. तसंच काहीसं इथे होतं. घाव आणि ओढ एकाच वेळी.

मुठीजवळचा अरुंद भाग वाया जात नाही. त्यानं काठी तासता येते, बांबूच्या कांबी काढता येतात. टोकानं भोसकता येतं, सोलता येतं. म्हणजे एकाच पात्यात चाकू, कोयता आणि टोच्या, अशी ही सोय आहे.

सिकंदराची गोष्ट

खुकुरीवरच्या बऱ्याच लिखाणात एक विधान आढळतं. सिकंदराच्या सैन्याबरोबर ‘कोपिस’ नावाची ग्रीक तलवार हिंदुस्थानात आली आणि तिच्यापासून खुकुरी झाली. कोपिसचं चित्र पाहिलं तर साम्य खरोखरच चकित करणारं आहे. तोच पुढे झुकलेला बाक, तेच पुढे वाढलेलं पोट.

पण साम्य म्हणजे वंश नव्हे. सिकंदर झेलमच्या काठी लढला ते इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये. द्रव्य शाहच्या नावानं ओळखली जाणारी खुकुरी सोळाव्या शतकातली धरली, तर मधे जवळजवळ एकोणीसशे वर्षं जातात. या काळात पंजाबातून नेपाळच्या डोंगरांपर्यंत हा आकार टप्प्याटप्प्यानं कसा सरकत गेला ते दाखवणारी पात्यांची साखळी कोणी मांडलेली नाही. उलट पुढे वाकलेली पाती जगात ठिकठिकाणी आहेत. स्पेनमधल्या प्राचीन ‘फाल्काता’ तलवारी, केरळातल्या नायरांची ‘आयुधकत्ती’, राजपुतान्यातलं ‘सोसन पत्ता’, आणि आपला कोयता. प्रत्येकाला सिकंदराशी नेऊन जोडायचं तर सिकंदराला फारच फिरावं लागेल.

दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना यासाठी जीवशास्त्रातलं उदाहरण देता येईल. पक्ष्याचा पंख आणि फुलपाखराचा पंख दिसायला व कामाला सारखे, पण ते एकमेकांपासून आलेले नाहीत. उडण्याची गरज एकच, म्हणून रचना एकमेकींसारख्या झाल्या. एका हातानं जोरदार घाव घालायचा असेल तर लोखंडाचं पातं पुढे जड आणि खाली वाकलेलं करणं हा उपाय कोणत्याही हुशार लोहाराला सुचू शकतो. कोपिसशी नातं अशक्य आहे असं नाही. पण ते आहे असं म्हणणाऱ्यानं पुरावा द्यायला हवा, आणि नुसतं साम्य हा पुरावा फार अपुरा आहे.

एक छोटी खाच

धार जिथे सुरू होते तिथे, मुठीच्या जरा पुढे, खुकुरीला एक लहानशी खाच असते. तिला ‘काउडी’ म्हणतात. एवढ्याशा खाचेची किती स्पष्टीकरणं दिली जातात! कोणी म्हणतं ती गाईचं खूर आहे, कोणी म्हणतं शंकराचा त्रिशूळ, कोणी लिंग, तर कोणी चंद्र-सूर्य. रक्त किंवा झाडाचा चीक ओघळून मुठीपर्यंत येऊ नये म्हणून ती केली असंही सांगतात. धार लावताना दगड कुठे थांबवायचा याची ती खूण आहे असंही एक मत आहे.

अशी सात-आठ उत्तरं समोर आली की शिक्षकाला चांगली संधी असते. यांतलं कोणतं तपासता येईल, ते मुलांना विचारा. ओघळ अडण्याचं स्पष्टीकरण तपासणं अगदी सोपं आहे. पुठ्ठ्याच्या पात्याला तशी खाच पाडून, मेणकापड लावून, वरून रंगीत पाणी सोडायचं. खाचेच्या दोन टोकांशी थोडे थेंब जमतात खरे, पण पाणी पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंवरूनही वाहतं आणि तिथे खाच काहीच करू शकत नाही. धारेच्या शेवटाची खूण हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं, कारण आजच्या कारखान्यात बनणाऱ्या कितीतरी चाकूंनाही धार संपते तिथे छोटा गोल खळगा ठेवलेला असतो, आणि तिथे त्रिशूळाचा प्रश्नच येत नाही. पण म्हणून खूर आणि त्रिशूळ खोटे ठरत नाहीत. दसैंत जिची पूजा करायची तिच्या अंगावरच्या खुणेला लोक अर्थ देणारच. कामासाठी झालेल्या खुणेला पुढे श्रद्धेचा अर्थ मिळाला असेल, किंवा दोन्ही एकदमच आले असतील.

म्यानाला नेपाळीत ‘दाप’ म्हणतात. त्याच्या मागच्या बाजूला आणखी दोन छोटी पाती खोचलेली असतात. धारदार असते ती ‘कर्द’, बारीकसारीक कामासाठी. दुसरी बोथट, तिचं नाव ‘चकमक’. हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे आणि अर्थही तोच. गारगोटीवर घासून तिनं ठिणगी पाडायची. गारगोटी पोलादापेक्षा कठीण, म्हणून ती पोलादाचे बारीक कण खरवडते. घर्षणानं तापलेले ते कण हवेत पेट घेतात, तीच ठिणगी. काड्यापेटी आल्यावर हे काम संपलं. पण चकमक मोठ्या पात्याची धार सरळ करायलाही चालते, म्हणून ती टिकली.

सिरुपाते, भोजपुरे आणि बाकीच्या

खुकुरी विकत घेऊ पाहणारा किंवा संग्रहालयात पाहणारा माणूस नावांनी गोंधळून जातो. सिरुपाते, बाँसपाते, भोजपुरे, चितलांगे, चैनपुरे, धनकुटे, आङखोला, तीन चिरा, बुधुने, हँसे, कोथीमोरा. या जाती आहेत की पोटजाती?

गोंधळ होतो, कारण ही नावं एकाच कसोटीवर पाडलेली नाहीत. काही गावांवरून आहेत. भोजपूर, चैनपूर, धनकुटा ही पूर्व नेपाळातली ठिकाणं, आणि चितलांग हे काठमांडूच्या नैऋत्येचं, दक्षिणेकडून खोऱ्यात येणाऱ्या जुन्या पायवाटेवरचं गाव. काही नावं आकारावरून पडली. ‘सिरु’ हे लांब, अरुंद पात्याचं गवत. त्याच्या पात्यासारखी ती सिरुपाते. बांबूच्या पानासारखी ती बाँसपाते, विळ्यासारखा खोल बाक असलेली ती हँसे. तिसरी कसोटी पात्याच्या अंगावर काय केलं आहे ही. लांबीच्या दिशेनं खोदलेल्या पन्हळींना ‘चिरा’ म्हणतात, म्हणून तीन चिरा. अंग खोलगट कोरलेलं असेल तर आङखोला. आणि कोथीमोरा हे नाव तर पात्याचं नाहीच, चांदीचं नक्षीकाम केलेल्या म्यानाचं आहे. तेव्हा सिरुपाते पातं कोथीमोरा म्यानात असू शकतं आणि दोन्ही नावं एकाच वेळी बरोबर ठरतात. आंब्यांचं वर्गीकरण करताना कोणी ‘हापूस, पिवळे, रत्नागिरीचे आणि पेटीतले’ असे चार गट पाडले तर जसं होईल तसंच हे आहे. त्यात आता परदेशी गिऱ्हाइकांसाठी दुकानदारांनी काढलेल्या नव्या नावांची भर पडली आहे. ती सोडून दिली तरी चालेल.

नावं बाजूला ठेवून पातं काय काम करील हे विचारलं की बराचसा उलगडा होतो. मघाचा शाडूचा गोळा आठवा. भोजपुरेचं पोट रुंद, अंग भरदार. गोळा टोकाशी. वाळकं लाकूड तोडायला, हाडापर्यंत मांस तोडायला ती चांगली. पण तासभर हिरवी झुडपं छाटायची असतील तर हात भरून येईल. सिरुपाते लांब आणि सडपातळ. ती चटकन फिरते, चटकन थांबते. हिरव्या फांद्या आणि वेली यांना ती पुरते, आणि माणूस अंगावर आला तर लढायलाही हीच सोयीची. वाळक्या गाठाळ लाकडावर मात्र पातळ पातं अडकतं किंवा धार दुमडते. आङखोलात पाठीची जाडी ठेवून बाजूंचं लोखंड कमी केलेलं असतं. इमारतीत आय आकाराची तुळई वापरतात त्यामागचाच हा विचार आहे. वाकण्याला विरोध कायम राहतो, वजन उतरतं. दसैंत रेड्याचं मुंडकं एका घावात उडवण्यासाठी याहून कितीतरी मोठ्या आणि जड खुकुऱ्या वापरतात. त्या घरकामाच्या नाहीत, आणि एरवी उपयोगाच्याही नाहीत.

मूठही पाहावी. बऱ्याच मुठींत पात्याचा शेपटासारखा अरुंद भाग आत घालून लाखेसारख्या चिकाच्या मसाल्यानं घट्ट केलेला असतो. त्या मसाल्याला तिथे ‘लाहा’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पात्याचं लोखंड मुठीइतकंच रुंद असतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाचे किंवा शिंगाचे तुकडे रिवेटनं बसवतात. रोज तोडकाम करायचं तर हा दुसरा प्रकार जास्त खात्रीचा. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण कोरड्या हवेत तडकू शकते. लाकडाची मूठ घामानं हातात घट्ट बसते. चकाकीवरून काही कळत नाही. आरशासारखी चकाकणारी खुकुरी भिंतीवर लावण्यासाठी केलेली असते, आणि तिच्या धारेला कधी पाणी दिलंच नसेल अशी शक्यता असते. कानस घ्यावी आणि धारेवर हळूच फिरवून पाहावी. ती घसरली तर धार कठीण आहे. पाठीवर मात्र कानस चावली पाहिजे. हे असं का, ते पुढे पाहू.

पलटणीतली खुकुरी

१८१४ च्या ऑक्टोबरात कंपनीच्या फौजेनं देहरादूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यावर हल्ला केला. बलभद्र कुंवर थोड्याशा माणसांनिशी किल्ल्यात होता. पहिल्याच हल्ल्यात इंग्रज सेनापती जिलेस्पी मारला गेला आणि किल्ला पडायला नोव्हेंबरअखेर उजाडली. हातघाईच्या लढाईत खुकुरी काय करू शकते ते इंग्रजांनी इथे पाहिलं. युद्ध संपायच्या आधीच, १८१५ मध्ये, त्यांनी याच माणसांच्या पलटणी उभारायला सुरुवात केली होती. १८१६ मध्ये सुगौलीचा तह कायम झाला.

यानंतर खुकुरीचं आयुष्य बदललं. ज्या वस्तूचं प्रत्येक खोऱ्यात वेगळं रूप होतं, तिचा सैन्यासाठी नमुना ठरवावा लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या खुकुऱ्यांवर बनवल्याचं साल आणि तपासणीचे शिक्के आढळतात. नेपाळच्या स्वतःच्या फौजेतही हेच झालं. काठमांडूच्या लगन सिलखान्यात पडून असलेला जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या बऱ्याच खुकुऱ्यांच्या पाठीवर पलटणीच्या नोंदी कोरलेल्या आहेत. लिपी देवनागरी, त्यामुळे मराठी माणसाला ती अक्षरं लावता येतात.

इंग्रजी वर्तमानपत्रं आणि लष्करी आठवणींनी खुकुरीभोवती कथा रचल्या. रक्त लागल्याशिवाय म्यान न करण्याची गोष्ट त्यांतलीच. प्रत्यक्षात सैनिक तिनं झुडपं साफ करत, लाकूड तोडत, डबे फोडत, म्हणजे गावाकडे जे करत आले तेच. आजही ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा सैनिकाला दोन खुकुऱ्या मिळतात, एक संचलनासाठी आणि एक कामासाठी. १९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. आपल्या नौदलानंही एका युद्धनौकेला ‘खुकरी’ हे नाव दिलं. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ती बुडवली गेली. त्याच नावाची दुसरी नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली, ती १९८९ मध्ये नौदलात आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. नेपाळच्या राजचिन्हावर दोन खुकुऱ्यांची फुली होती. २००६ च्या अखेरीस नवं चिन्ह आलं, त्यात त्या राहिल्या नाहीत.

ज्यानं घडवली तो

या सगळ्या इतिहासात राजे आहेत, सेनापती आहेत, सैनिक आहेत. पातं घडवणारा लोहार मात्र क्वचितच भेटतो. नेपाळच्या डोंगरात लोहारकाम करणाऱ्या जातीला ‘कामी’ म्हणतात. आज त्यांच्यातले बरेच जण विश्वकर्मा हे आडनाव लावतात. म्यानाचं चामडं कमावणारे आणि शिवणारे ते ‘सार्की’.

आपल्या बलुतेदारीसारखीच तिथे ‘बालीघरे’ नावाची पद्धत होती. कामी वर्षभर गावाची अवजारं करायचा, शेवटायचा, आणि सुगीला ठरलेल्या घरांकडून त्याला धान्य मिळायचं. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे लोहार बलुतेदार होता, तरी तो अस्पृश्य मानला जात नव्हता. नेपाळात कामी अस्पृश्य ठरवला गेला. १८५४ मध्ये जंगबहादुर राणानं ‘मुलुकी ऐन’ हा कायदा केला. त्यात जातींची उतरंड लिहून काढली गेली आणि कामी, सार्की, दमाई यांना अशा गटात टाकलं गेलं की ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हावं लागतं. इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या, त्यात मगर, गुरुंग, राई, लिंबू आले. कामी पलटणीत गेला तो बहुधा हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर म्हणून.

दसैंच्या नवमीला, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्याच दिवशी, नेपाळभर शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. खुकुरी देवीपुढे जायची. कामीला देवळात जायची बंदी होती.

आता त्याच्या भट्टीपाशी येऊ, कारण मघाच्या कानशीचं कोडं तिथेच सुटतं. कामी आज बहुतेक वेळा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगची पट्टी वापरतो. त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, आणि खुकुरीला तेवढाच हवा. याहून फार कमी असेल तर धार कठीण होणार नाही, फार जास्त असेल तर पातं काचेसारखं तुटेल. पट्टी लाल करून घणानं आकार दिला, कानशीनं घासलं की शेवटचं काम येतं, पाणी देण्याचं. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये मोकळेपणी विखुरलेले असतात. सावकाश थंड होऊ दिलं तर ते बाजूला होतात आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यानं थंड केलं तर त्यांना बाहेर पडायला सवड मिळत नाही. ते अडकून पडतात, लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते आणि पोलाद कठीण होतं, पण ठिसूळही होतं.

सबंध पातं पाण्यात बुडवलं तर ते सगळंच ठिसूळ होईल आणि जोराच्या घावाला मोडेल. म्हणून कामी पातं बुडवत नाही. लालभडक पातं धार वर करून धरतो आणि तोटीच्या किटलीतून पाण्याची बारीक धार त्याच्या कडेवरून पुढे-मागे फिरवतो. कड झटक्यानं निवते, पाठ हळूहळू निवते. कडेवर कानस घसरते आणि पाठीवर चावते, ती यामुळे. पाणी किती वेळ सोडायचं, पोटाशी जास्त आणि टोकाशी किती कमी, हे तो पात्याच्या बदलत्या रंगावरून ठरवतो. पाठीत उरलेली उष्णता मग कडेकडे येते आणि तिचा ठिसूळपणा थोडा कमी करते. तापमापक नाही, घड्याळ नाही. दोन-चार सेकंदांचा खेळ असतो आणि चुकला तर दिवसभराची मेहनत वाया जाते.

१९६३ च्या नव्या मुलुकी ऐनानं जातिभेदाची कलमं काढून टाकली. तरी पाणवठ्यावर अडवणं, घरात न घेणं थांबलं नाही, म्हणून २०११ मध्ये जातीय भेदभाव आणि छुआछूत यांना शिक्षा देणारा वेगळा कायदा करावा लागला. भोजपूर आणि धरानच्या कारखान्यांत आता घासायला विजेची चक्की आहे, काही ठिकाणी यांत्रिक घणही आहे. पाणी मात्र अजून कामीच्या हातानं, किटलीनंच दिलं जातं.